पाचवी पायरी

रबराचा तो काळा तुकडा शिडीच्या डाव्या पायात घट्ट होता. काल होता, परवा होता, तरी त्यानं उकिडवं बसून तो अंगठ्यानं दाबून पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा — आणि जोडीदाराची सावली शेजारच्या फरशीवर येऊन थांबली तेव्हा उगाच पायाजवळची धूळ फुंकली.

"लागतेय का नाडी, दादा?" जोडीदार म्हणाला.

"झिजलंय जरा."

"शिडीचं की तुमचं?"

तो हसला. हसणं भागच होतं. ब्रश घेऊन चढला — एक, दोन, तीन, चार. चौथीपर्यंत पाय आपले असतात. पाचवीसाठी उचलला की पोटात कुणी ओलं फडकं पिळावं तसं होतं, आणि मग चौथीवरून हात पोचेल तेवढाच भिंतीचा भाग फार मन लावून रंगवायचा... सहा महिने हेच. सातवीवरून पडला होता तो. कोपरा हातभर लांब होता, उतरून शिडी सरकवायचा कंटाळा केला, अंग ताणलं आणि गेला. दोन बरगड्या मोडल्या. त्या जुळल्या, डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून दाखवली. पण पोटातल्या फडक्याची फिल्म निघत नाही. तीस वर्षं शिडीवर काढलेला रंगारी मी, आणि लोकांना सांगतो काय, तर खांदा धरलाय. दारं रंगवतो, खिडक्या रंगवतो. छत जोडीदार करतो.

"सोमवारपासून वाचनालयाचा जिना," जोडीदार पुट्टी कालवत म्हणाला. "दोन मजले उंच. दोघांना वर लागावं लागेल. खांद्याचं काय ते मालकांना सांगून टाका, नाहीतर चढा. मला एकट्याला नाही रेटायचं."

"बघतो."

"सहा महिने बघताय, दादा."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो दिवसभर कानात राहिला, घरी हातपाय धुतानाही, अन् खुर्चीवर घडी करून ठेवलेला पांढरा जाड पोशाख पिशवीत भरतानाही. बायकोनं चहा पुढे केला आणि त्याच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. सुजलं होतं.

"अजून किती दिवस पडायचंय?"

"जमेपर्यंत."

"पडायला क्लास लावलेला माणूस मी पहिलाच पाहिला. घरात पडा ना, मीही बघीन."

तिला खरं कारण सांगितलेलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं, आणि त्या न विचारण्याचाच त्याला जास्त धाक होता.

दोन महिन्यांपूर्वी एका ज्युदोच्या हॉलच्या खिडक्यांचे गज रंगवताना त्यानं आत पाहिलं होतं — माणसं धाडकन पाठीवर पडत होती आणि उठून हसत होती. तो गज अर्धा सोडून दारात गेला. "बाई, नुसतं पडायचं शिकवता का? बाकीचं नको." बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, पहिलं तेच शिकवतो आम्ही. आठवड्यात येतं."

आठवड्यात! त्याच्यानंतर आलेल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या आजी चौथ्या दिवशी चेंडूसारख्या पडायला लागल्या. त्या आता पकडी शिकतात. हा आजही भिंतीकडेच्या मॅटवर. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल, दोन्ही हात मॅटवर सपाट आपटायचे — सगळं पाठ आहे, झोपेतही सांगेल. पण अंग मागे गेलं की उजवा हात आपला आपणच पाठीमागे जातो, बोटं वळतात, काहीतरी धरू बघतात... आणि सगळं वजन मनगटावर.

"हात, काका."

पुन्हा. पुन्हा हात. "पोत्यासारखं टाका हो अंग," आजी जाता जाता म्हणाल्या. पोत्याला काय जातंय! पोत्याला कुणी तीस वर्षं बजावलेलं नसतं, की काही सुटलं तरी हात सुटू द्यायचा नाही. याच हातानं आजवर पोट भरलं, आणि आता त्यालाच सांगायचं की बाबा रे, तू मधे येऊ नकोस... कसं सांगायचं? कुठल्या भाषेत कळतं हाताला?

आठव्यांदा मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. आता खांदा खरंच धरेल, म्हणजे निदान खोटं तरी बोलावं लागणार नाही — या विचाराचा त्याला इतका संताप आला की तो उठलाच नाही. तसाच पडून राहिला. पुरे झालं. सोमवारी मालकांना सांगायचं, दारं-खिडक्याच द्या. गाठीवरची नजर सुटली आणि वर गेली.

छत. दोन महिन्यांत त्यानं ते पाहिलंच नव्हतं. पडताना छत दिसलं म्हणजे मान चुकली, असं बाईंनी सांगितलेलं. आणि एरवी तरी छत त्याला कधी दिसलं होतं? नाकासमोर वीतभर, तेवढंच. खालून, असं आडवं पडून... कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळट डाग राहिला होता. कडेला ब्रशचे ओढलेले, विरत गेलेले फराटे. लांबून हात ताणलाय गाढवानं. उतरून शिडी सरकवायची होती वीतभर डावीकडे, तर नाही. शिडी इथे लावली असती तर — चार, पाच, सहा, सातवीवर उभं राहून डावा हात भिंतीला, अन् दोन फटक्यांत...

त्याच्या लक्षात आलं ते जरा उशिरा. पोटात काही झालं नव्हतं. त्यानं श्वास धरून वाट पाहिली, फडकं पिळलं जाण्याची. तेवढ्यात ते आलंच, पण ओळखीच्या माणसानं उशिरा दार वाजवावं तसं.

"काका, लागलं का?"

"नाही."

"मग उठा. एकदाच अजून."

तो उठला, मॅटकडे पाठ केली, हनुवटी टेकवली, पडला. हात मागे गेला. कळ आली.

"हात," बाई म्हणाल्या.

"माहितीये," तो चिडून म्हणाला आणि पुन्हा उभा राहिला. नजर गाठीवर होती. पण डोक्यात शिडी त्या कोपऱ्याखाली लावून झाली होती, आणि सहावीवरून पोचेल की सातवीच लागेल, हे काही केल्या ठरत नव्हतं.