मागची भिंत

कुशाबाईनं मोजपट्टीचं टोक सुप्रियाच्या हातातून काढून घेतलं आणि शाळेला वळसा घालून ती सरळ मागं निघाली. फीत सरसर सुटत गेली. सुप्रियाला मागून पळावंच लागलं.

"अहो मावशी! पुढची बाजू राहिलीय अजून."

"ती काय पळून जातीया व्हय? आधी मागची भित मोज."

सुप्रिया बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. बारामती-इंदापूरकडच्या जुन्या शाळांचं पुस्तक करायचं म्हणून सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडते. शेळगावपुढच्या या वस्तीवर तिला माजी सरपंच विजयसिंहांनी बोलावलं होतं, कारण शाळेच्या दारावर त्यांच्या आजोबांच्या, बापूसाहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. शाळा बापूसाहेबांनी बांधली, एवढं वाक्य छापून आलं की विजयसिंह भरून पावले. पाटीखाली फोटो काढायला त्यांनी आईलाही गाडीतून आणलं होतं. हौसाबाई, बापूसाहेबांची सून, कोपऱ्यावरच्या लिंबाखाली खुर्चीत बसली होती. कुशाबाईला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. मेंढरांमागं जन्म गेलेली ही म्हातारी आपणहून आली होती, आणि आली ती भांडायच्या तयारीनंच.

मागं गेल्यावर सुप्रिया थबकली. बाकीच्या तीन भिंती घडीव दगडाच्या, एका मापाच्या. या भिंतीत लहान, मोठा, काळा, तांबूस, हाताला लागेल तो दगड बसवलेला.

"ही आमी बांधली," कुशाबाई म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात. बापूसाहेबांनी जागा दिली, तीन भिती दिल्या. कोण न्हाय म्हणतंय? मग त्यांचीबी हीर आटली आन् काम थांबलं. शाळा एका अंगानं उघडीच. आमी बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. सांजच्याला घरी येताना पाटीत एकेक दगूड घालायचो, वर कामावर खायाला मिळायच्या सुकडीचं फडकं. मुकादम पाठ करून बिडी वढायचा. अशी उभी ऱ्हायली भित."

विजयसिंह हसत हसत मागं आले होते. ते हसू तिथंच गळालं.

"मावशी, ते सरकारी दगड. ही चोरी झाली की! चोर म्हणून नाव छापून घेणार का पुस्तकात?"

"व्हय. चोर म्हणून लिव्हा. पर लिव्हा."

"आणि साक्ष कुणाची? उद्या कुणीही उठंल आणि म्हणंल, भिंत माझी."

ते बोलणं कितीही झोंबलं तरी खोटं नव्हतं, हे सुप्रियाला कळत होतं. तिनं कुशाबाईला विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"सोना, तुळसा, गेणबाची आई. गेल्या समद्या." कुशाबाईनं फितीचं टोक मुठीत आवळलं. "एक जित्ती हाय."

"मग नाव सांगा ना. मी भेटते त्यांना."

"न्हाय सांगायची."

"अहो, पण का?"

"मोठ्या घरची व्हती. घरात दाणा नव्हता, पर अब्रू व्हती न्हवं? नाकापतूर पदर वढून यायची, कुणी वळखू ने म्हणून. तिचं नाव भाईर काढायचं न्हाय, अशी आमी समद्यांनी आण घेतली व्हती. ती काय आता पुस्तकापायी मोडू?"

"बघा मॅडम," विजयसिंहांचा आवाज चढला. "साक्ष मागितली की आण आडवी आली!"

सुप्रियाची नजर खाली गेली. "मावशी, एकटीच्या सांगण्यावर मला लिहिता येणार नाही हो."

"मग नगं लिव्हूस!" कुशाबाईनं फीत सोडून दिली. ती सपकन डबीत गेली. "भित काय तुज्या पुस्तकाच्या आधारानं उभी हाय व्हय?"

तिनं पदर खोचला आणि चालायला लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायला ती काही थांबली नाही.

"कुशे, हुबी ऱ्हा."

कोपऱ्यावर काठी टेकत हौसाबाई आली होती.

"आई, तू कशाला उठलीस? ऊन हाय," विजयसिंह पुढं झाले. त्यांचा हात तिनं काठीनंच बाजूला केला. भिंतीपाशी जाऊन एका दगडावर तळवा ठेवला, मग दुसऱ्यावर.

"लिही गं पोरी," ती सुप्रियाला म्हणाली. "साक्ष हौसाबाईची. बापूसाहेबांची थोरली सून."

"आई!"

"काय आई? तुला पोटात घिऊन खडी फोडलीया मी."

हौसाबाईनं लेकाकडं पाहिलंही नाही. ती कुशाबाईकडं वळली होती, आणि चांगलीच तापली होती.

"आन् एकेक दगूड काय सांगतीस गं? तुजा असंल एक. माझ्या पाटीत दोन असायचं."