गंगव्वाची ओटी

सोमवारी तहसीलचे साहेब विहीर बघायला येणार होते. तळ कोरडा दिसला तर टँकर चालू, पाणी दिसलं तर बंद. अक्कलकोटकडच्या त्या गावात पाऊस आता दोन दिवसांत अख्खा कोसळतो नि वाहून जातो. मुरत काही नाही. वेशीतल्या टाकीत टँकर ओतेल तेवढ्यावर गाव जगत होतं.

नीलम्माची सून सृष्टी महिन्याभराची बाळंतीण. टँकर टिकावा म्हणून नीलम्माने विहिरीतल्या देवीची, गंगव्वाची ओटी बोलली. खण, नारळ आणि घरटी एक घागर पाणी विहिरीला परत द्यायचं. सासूच्या सासूपासूनची रीत. चार वर्षं ती राहून गेली होती.

"अक्का, तुमी बी काय! प्यायला न्हाय अन् विहिरीत ओतायचं?" शेजारची दानेश्वरी म्हणाली.

"तिला उपाशी ठिवून आपुन कसं प्यायचं गं?" नीलम्मा हळूच म्हणाली. कपाळाला विभूती, सोमवार निर्जळी. तिचा शब्द कोण मोडणार? सोमवारी पहाटे साठ बायकांनी साठ घागरी ओतल्या.

साहेबांनी वाकून पाहिलं. तळाच्या खोलगट खडकात पाणी चमकत होतं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

"साहेब, त्ये आमीच ओतलंय," सरपंच शिवपुत्र हात जोडून म्हणाला.

साहेब मनापासून हसले. "तहानलेलं गाव विहिरीत पाणी ओततं होय? दुसरं काहीतरी सांगा की."

टँकर त्याच दिवसापासून बंद.

मंगळवारी दुपारी बायका दोर घेऊन नीलम्माच्या दारात उभ्या राहिल्या. दानेश्वरीने 'तुमी' सोडलं होतं.

"चल. तूच ओतायला लावलंस, तूच काढ."

साठी उलटलेल्या नीलम्माच्या कमरेला दोर बांधून त्यांनी तिला खाली सोडलं. ती वाटीवाटीने घागरी भरत राहिली. निम्म्या बायकांच्या घागरी भरल्या नि वाटीत चिखल येऊ लागला. वर भांडण जुंपलं, झिंज्यांपर्यंत गेलं.

"ही एवढी माझ्या सृष्टीला द्या गं," नीलम्मा खालून म्हणाली. "तिचं दूध आटलंय."

"तिला तुझा शब्द पाज!" दानेश्वरी ओरडली. वर हशा पिकला. नीलम्माने धरून ठेवलेली घागर त्यांनी हिसडून वर ओढली.

"आता मला काढा गं. पाणी सरलं."

वर कुजबुज झाली.

"राहू दे तितंच," कुणीतरी म्हणालं. "सकाळपतुर झिरपंल अजून."

दोराचं वरचं टोक सळसळत येऊन तिच्या खांद्यावर पडलं.