बदामावरचा आरसा

गिझीचा ठेला माझ्या शेजारी. चर्चच्या जत्रेत मी मातीच्या सुरया विकते, ती मधाच्या बिस्किटांचे लाल बदाम, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे. बदामावर पांढऱ्या आयसिंगची नक्षी आणि मधोमध छोटा आरसा. पोरगा तो पोरीला देतो आणि म्हणतो, बघ यात, माझं माणूस दिसेल.

पण आरसा बसायला बदाम सपाट लागतो. जरा फुगला की आयसिंग ओघळतं, आरसा डुगडुगतो आणि गिऱ्हाईक हसत पुढे जातं. म्हणून भट्टीतून काढल्या काढल्या, गरम असतानाच, वर लाकडी फळी दाबायची. गिझीची फळी तिच्या सासूच्या वेळची.

यंदा गिझीचे गुडघे धरले. तिचा मुलगा म्हणाला, बदाम एमोके करेल. एमोके त्याची बायको, बुडापेस्टची. तिला हा ठेला मनापासून हवा होता. गिझीच्या अंगाचा नुसता तिळपापड. "बदाम बिघडू देत, मग बघते कोण ठेला मागतंय," असं मला म्हणाली. आणि नेमकी त्याच आठवड्यात फळी हरवली.

जत्रेच्या सकाळी बदाम बघून मीच चाट पडले. पाटासारखे सपाट. एकही आरसा हलत नव्हता.

गिझीचं तोंड एवढंसं झालं. "फळीशिवाय कुठून आले गं हे? कुठल्या कारखान्यातून उचललेस?" चार ठेल्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली.

"शहरातली पोर, विकतचंच आणणार," मीही फिस्सकन हसून घेतलं. माझं काय जात होतं!

एमोके बदाम मांडत राहिली. उन्हातही तिच्या हातात लोकरी हातमोजे होते. गिऱ्हाइकाला देताना एक बदाम हातून सटकला, तशी गिझी कडाडली, "ते मोजे काढ आधी. खायची वस्तू आहे."

तिने काढले. दोन्ही तळवे लालभडक, बोटांच्या पेरांवर फोड.

"फळी मिळेना," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना आई, चांगल्या हाताला फळी कशाला लागते. मग फडकं घालून हातानेच दाबले."

गिझी स्टूल ओढून बसली. मी पुसलेल्याच सुरया पुन्हा पुसायला घेतल्या. मघाचं माझं हसणं मलाच खाऊ लागलं. मेली जीभ माझी, तिला हाड असतं तर!

गिझी म्हणाली, "फळी हरवली नव्हती. मीच कपाटामागे सारली होती."

"माहीत आहे. टोक दिसत होतं."

"मग घेतली का नाहीस, बाई?"

"वाटलं, तुम्ही आपण होऊन द्याल."

गिझीला वर बघवेना. एमोकेने सकाळीच बाजूला ठेवलेला एक बदाम काढून तिच्या मांडीवर ठेवला. त्यावर आयसिंगने 'आई' लिहिलं होतं, दुखऱ्या हातामुळे अक्षर वेडंवाकडं आलेलं. मधोमध आरसा.

गिझीने बदाम उचलला. आरशात बघायचा धीर तिला होईना, म्हणून तिने तो माझ्याकडे फिरवून धरला. त्यात माझं तोंड दिसलं. मीही नजर वळवली.