दिवेगिळ्या

“या वर्षी मेणबत्त्या क्लाइव्ह विझवेल,” फादर गिलपिन म्हणाले आणि चहा ढवळत बसले. नॉर्मनच्या तोंडाकडे बघायची काही त्यांची छाती झाली नाही.

नॉर्मन थ्रेलकेल्ड आमच्या चर्चचा राखणदार. घंटा, किल्ल्या, शेगड्या, मेणबत्त्या, चाळीस वर्षं सगळं त्याच्याकडे. फुलांचं काम माझं, त्यामुळे आमचं दोघांचं रोज एकदा तरी वाजायचंच. लग्न केलं नाही त्याने. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या बुधवारी उपासनेत पंधरा मेणबत्त्या एकेक करून विझवतात, ती एक संध्याकाळ काय ती त्याची, आणि फादर तीच काढून घेत होते.

“माझं काही चुकलं का, फादर?”

“छे हो. पण रविवारी ती मुलगी तुम्हाला बघून किंचाळली ना. पोरांच्या डोक्यात ते पुस्तक बसलंय. आज तर लेखिकाबाई स्वतः येतायत, संध्याकाळी पोरंही असणार.”

लेखिकाबाई म्हणजे रोझलिंड अ‍ॅस्क्यू. जन्म इथलाच, सातव्या वर्षी गाव सुटलं. तिच्या पुस्तकातला दुष्ट, दिवेगिळ्या, काळा झगा घालतो, पाठीत वाकून चालतो आणि लांब काठीला लावलेल्या लोखंडी टोपणाने जगातले पंधरा दिवे एकेक करून विझवतो. असला झगा, असली पाठ आणि असली काठी असलेला माणूस आमच्या गावात एकच.

दुपारी शाळेत तिचं भाषण होतं. खुर्च्या मांडायला आम्ही दोघंच, म्हणून मागे उभं राहून ऐकणंही आलं.

“दिवेगिळ्या म्हणजे सैतानच,” ती मुलांना सांगत होती. “आधी तो देवाचा लाडका दूत होता. उजेड त्याच्याच हातात होता. मग गर्व झाला, वरून खाली पडला, आणि आता दुसऱ्या कुणाकडे दिवा दिसला की त्याला बघवत नाही.”

“तो तुम्हाला सुचला कुठून?” एका पोरीने विचारलं.

“मी पाहिलाय त्याला. इथल्याच चर्चमध्ये. सहा वर्षांची होते. एकेक मेणबत्ती विझत गेली, मग काळोखात धाडकन आवाज झाला. मी इतकी रडले की आईने उचलून बाहेर नेलं. अजून दिवा लावून झोपते मी.”

पोरांच्या माना वळल्या. नॉर्मन एका खुर्चीचा पाय तपासू लागला. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडलं तर त्याने माझी बाही ओढली.

“गप्प बस, ऑलिव्ह. पाहुणी आहे ती.”

“सैतान म्हणतेय ती तुला.”

“लहान होती गं,” तो म्हणाला. पण ओठ पांढरे पडले होते.

बाहेर पडताना त्याने क्लाइव्ह ऑर्मरोडला गाठलं. हा बँकेतला साहेब, दोन वर्षांपूर्वी मँचेस्टरहून आलेला आणि आल्या आल्या चर्चच्या मंडळावर बसलेला.

“शेवटची मेणबत्ती विझवायची नाही. ती तशीच पेटती वेदीमागे...”

“पंधरा मेणबत्त्या विझवायच्यात, नॉर्मन. त्याला शिकवणी लावू का आता?” चारचौघांत बोलला हे क्लाइव्ह. लोक हसले. नॉर्मन टोपी घालून चालू लागला.

संध्याकाळी मी रोझलिंडला दंडाला धरून शेजारी बसवलं. “आज मधूनच उठायचं नाही,” मी बजावलं. तिची आई माझी मैत्रीण होती, तेवढा हक्क होता माझा. पुढे तीन रांगा पोरं आणि त्यांच्या आया. बाकाच्या टोकाला आपल्या तपकिरी कोटात नॉर्मन. या उपासनेला त्याला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

एक स्तोत्र संपलं की एक मेणबत्ती विझते. क्लाइव्ह काम उरकल्यासारखा विझवत होता. चौदा झाल्या. आता पंधरावी, म्हणजे प्रभू येशू. ती पेटती वेदीमागे न्यायची, मग काळोख, मग तो मेला तेव्हा धरणी हादरली तसा आवाज, आणि मग ती परत आणायची. नॉर्मन बाकाच्या कडेवर आला. क्लाइव्हने काठी उचलली आणि पंधराव्या मेणबत्तीवर टोपण ठेवलं.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. गाणाऱ्यांनी सवयीप्रमाणे पुस्तकं धाडकन आपटली. पुढे काहीच नाही. फादर नुसते खाकरले. एक पोर रडायला लागलं, मग दुसरं.

“मला बाहेर जायचंय.” रोझलिंडची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

“बस.” म्हटलं खरं, पण तिला दाखवायला आता माझ्याकडे तरी काय होतं?

बाक करकरला. पावलं वाजली, सावकाश, कुठेही न अडखळता. बाजूच्या खोलीत पडद्याआड एक छोटा दिवा बारा महिने तेवत असतो. तो पडदा सरकला. हाताच्या आडोशात पेटती वात धरून नॉर्मन वेदीच्या पायऱ्या चढला. काठी घेऊन उभ्या क्लाइव्हकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पंधरावी मेणबत्ती पेटवली, आमच्याकडे वळला आणि ती वर धरून राहिला. पोरं गप्प झाली.

“हे दर वर्षी होतं?” रोझलिंडने विचारलं.

“दर वर्षी. तू तेवढी थांबली नाहीस.”

“आणि परत घेऊन कोण यायचं?”

“कोण येणार? तोच.”

तिने माझं मनगट सोडलं. मग हळूच म्हणाली, “पुस्तक एकोणीस भाषांत गेलंय हो.” मला तिची दया आली, पण त्याहून जास्त नॉर्मनची.

लोक न बोलता निघून गेले. त्या संध्याकाळी तशीच रीत आहे. क्लाइव्हने गालिच्यावर मेण सांडून ठेवलं होतं. नॉर्मन गुडघे टेकून बोथट सुरीने ते खरवडत होता. रोझलिंड त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

“मिस्टर थ्रेलकेल्ड, मी...” ती रडत होती.

त्याने मान वर केली.

“जरा बाजूला व्हा, बाई,” तो म्हणाला. “बुटाला मेण लागेल.”

ती बाजूला झाली. तो पुन्हा खाली वाकला.