वीसपैकी शून्य

शाळेचा मेसेज आला तेव्हा चिन-येचे दोन्ही हात कालवांच्या चिखलात होते. म्हणून कालवं फोडायच्या शेडमध्ये शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या आ-हो काकूंनी तिच्या खिशातला फोन काढून मोठ्यानं वाचला.

"विज्ञान प्रकल्प. पिन-यू. प्रयोग आणि वही, ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर. अगं, पोरगी आहे की कोण! पुढं... पालकांचा सहभाग, वीसपैकी शून्य. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पंच्याऐंशी लागतात, असं लिहिलंय."

"काय शून्य?"

"सहभाग. आईबापानं पोराबरोबर घरी प्रयोग करायचा, फोटो काढायचा आणि चार ओळी लिहायच्या. आमच्या नातीच्या वेळीही होतं हे. तुला पोरीनं सांगितलं नाही?"

चिन-येनं सुरी फळीवर आपटली. सहभाग नाही म्हणे! व्हिनेगरमध्ये कालवाचं कवच किती दिवसांत विरघळतं हे पोरीला बघायचं होतं, तेव्हा एकाच वयाची बारा कवचं ढिगातून कोणी वेचून दिली? कालवं वाढवायच्या दोराच्या वरच्या टोकाचं कवच पातळ असतं आणि पाण्यात खोल असलेल्या टोकाचं जाड, म्हणून दोन्ही वेगळी ठेव, असं कोणी सांगितलं? आणि आता शाळेतला कुणी शहाणा म्हणतो शून्य.

"कुठं निघालीस? बूट तरी बदल," आ-हो काकू ओरडल्या.

"बूट काय बोलणार आहेत तिथं? बोलायला मी आहे."

ती स्कूटरवर रबरी बुटांसकट शाळेत पोचली. मधली सुट्टी चालू होती. प्रयोगशाळेत विज्ञानाचे चुआंग सर एकटेच डबा खात बसले होते. तिशीचा, गोरागोमटा माणूस. तिचा एप्रन पाहून ते गोंधळले.

"तुम्ही पिन-यूच्या कोण?"

"कोण म्हणजे? आई! शून्य कुणाच्या डोक्यातून आलं ते सांगा आधी."

सरांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे. पालकांनी मुलांच्या अभ्यासात लक्ष घालावं, एवढाच हेतू आहे."

"लक्ष! मी पहाटे चारला उठते, ते काय चंद्र बघायला? तिची बाराही कवचं ढिगातून मी वेचून दिली!"

भिंतभर प्रकल्प लावले होते. प्रत्येक प्रकल्पाच्या वर मुलाचा आईबापांबरोबरचा हसरा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत: पालक, दंतवैद्य. पालक, बँकेत व्यवस्थापक. पालक, औषधांचं दुकान. दंतवैद्याच्या पोराचा प्रकल्प तर थेट पिन-यूच्या प्रकल्पासारखाच होता, रंगीत छापलेला, आणि त्याला वीसपैकी वीस होते. चिन-ये जवळ गेली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"इथं 'कालवाचं कवच' लिहिलंय. हे कालव नाही, तिसऱ्याची शिंपली आहे! दातांचा डॉक्टर, पोराबरोबर हसरे फोटो, आणि बाजारातल्या तिसऱ्यांना कालव म्हणतो? आणि तुम्ही त्याला वीस दिलेत? तुम्हाला तरी कळतं का हो?"

सर कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी खण उघडून एक कागद काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

"नियमात सूट आहे, ताई. ज्यांचे पालक लांब असतात त्यांना दुसरं कोणी मोठं माणूस चालतं. मी पिन-यूला तीनदा विचारलं. तिनं हे लिहून दिलं आणि शून्य चालेल म्हणाली."

पोरीचं सुबक अक्षर चिन-ये कुठंही ओळखली असती. *पालक: आई. तैपेईत मोठ्या दवाखान्यात नर्स. सुट्टी मिळत नाही.*

चिन-येला आधी वाटलं, कुणा दुसऱ्या मुलीचा कागद आहे. तिनं नाव पुन्हा वाचलं. मग तिला इतका राग आला की कोणावर ओरडावं तेच कळेना. "बोलवा तिला," ती म्हणाली.

पिन-यू आली, आईला पाहिलं आणि दारातच थबकली. मागं दोन मैत्रिणी होत्या. सरांनी त्यांना बाहेर पाठवून दार लावलं.

"नर्स?" चिन-ये म्हणाली.

पोरीची मान खाली होती. "भिंतीवर लावतात ते. सगळे वाचतात."

"मग?"

"मागच्या वर्षी माझ्या दप्तराला कालवांचा वास येतो म्हणून कोणी शेजारी बसत नव्हतं. तू घरी असतेस तेव्हा झोपलेली असतेस. कुणाला सांगू?" ती एकदम चिडून ओरडली. "तुला काय माहीत!"

खरंच माहीत नव्हतं. चिन-येचा हात उठायच्या बेतात होता, तो तिनं एप्रनला पुसला.

चुआंग सर हळूच म्हणाले, "ताई आता आल्याच आहेत. कवचं त्यांनीच निवडली, हे मला आत्ता कळलं. कागद दुरुस्त करू, इथंच फोटो काढू. उद्यापर्यंत मुदत आहे. गुण मी देतो. पण पालकाच्या जागी खरं लिहावं लागेल."

"द्या, मी खोडतो," असं म्हणून सरांनीच पेन उचललं.

"तुम्ही नाही. आणि मीही नाही," चिन-ये म्हणाली. "तिनं लिहिलंय, ती खोडेल. नाहीतर राहू दे शून्य."

पिन-यूनं भिंतीकडं पाहिलं. दंतवैद्य, व्यवस्थापक, औषधांचं दुकान. दाराच्या काचेपलीकडून मैत्रिणी डोकावत होत्या. चिन-येनं तोंडातून शब्द काढला नाही, आणि आयुष्यात तिला कशालाच एवढा जोर लागला नव्हता.

शेवटी पोरीनं सरांच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि 'नर्स'वर रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला. "काय लिहू?" तिनं दातओठ खात विचारलं.

"मी जे करते ते."

*कालवं फोडते,* पिन-यूनं लिहिलं. थांबली. मग कोणी न सांगता पुढं लिहिलं: *पहाटे चारपासून. दोन्ही हातांना कापलेल्या खुणा आहेत. कवचं तिनं निवडली.*

"जवळ या दोघी," सर फोन धरून म्हणाले. पोरगी हातभर लांबच उभी होती. चिन-येनं तिला दंडाला धरून ओढलं, तशी ती आली आणि ओल्या एप्रनला टेकली. हसलं कोणीच नाही.