पंचवीस डिग्रीचं पाणी

मिलच्या रंगखात्यात शामराव दिघ्यांच्या हाताचा दबदबा होता. वाफाळत्या हौदात पटकन बोट बुडवायचे आणि ओरडायचे, "साठ! सोडा रंग!" थर्मामीटर साहेबलोकांसाठी, असं म्हणायचे आणि वर हसायचे. अट्ठावीस वर्षं हेच केलं. मग एक्क्याण्णव साली फाटकाला कुलूप लागलं आणि गडी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात घरी बसला.

दोन वर्षांनी मे महिन्यात त्यांच्या लेकीनं, वसुधानं काचेची टाकी घरी आणली. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट होता, आणि सुट्टीत लॅब बंद. टाकीत खारं पाणी, त्यात दोऱ्यांवर बांधलेले समुद्री शेवाळाचे तुकडे. थेट तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून ओल्या पोत्यात गुंडाळून तिनं ते आणले होते. आता त्यांना मोहरीएवढे कोंब फुटले होते.

"इंदुरात समुद्र! वा भिया!" शामराव इंदुरी ठसक्यात म्हणाले.

"हसू नका बाबा. शेवाळ मोठं झालं की थोडी गरमी सोसतं, पण हे कोवळे कोंब नाही सोसत. पाणी पंचवीस डिग्रीच पाहिजे. मी दोन दिवस भोपाळला इंटरव्ह्यूला जातेय. थर्मामीटर बघा, पारा चढला की बर्फाची बाटली सोडा. हे गेले तर माझं वर्ष गेलं."

"टेन्शन घेऊ नको. पाण्यातच जिंदगी गेली माझी."

आता काय म्हणावं या माणसाला! थर्मामीटर टाकीला लटकत होता, पण त्याच्याकडे बघणं त्यांना अपमानाचं वाटलं. दर तासाला उठून हात बुडवायचे. साठ डिग्रीला सरावलेल्या हाताला पाणी गारच लागायचं. बर्फ फ्रीजमध्ये तसाच राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी काम सोपवलं होतं, म्हणून ते खुशीत होते.

वसुधा आली तेव्हा पाणी गढुळलं होतं. कोंब पांढरे पडून दोऱ्यांवरून गळत होते. तिनं पारा बघितला. तेहेतीस.

"मला गार लागत होतं गं," शामराव पुटपुटले.

ती उठून प्रोजेक्टच्या सरांना फोन करायला कोपऱ्यावरच्या पीसीओत गेली. शामराव मागोमाग गेले, दाराशी थांबले.

"सर, सगळं मेलं. लाइट गेली होती दोन दिवस... हो, एक्झाम पुढच्या वर्षी."

ती बाहेर आली. पोरगी कधी खोटं बोलली नव्हती.

"वसू, असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझ्या बाबांना आता गार-गरम कळत नाही, असं सांगू?" तिचे डोळे भरले.

चिडली असती तर बरं झालं असतं. ते आत शिरले आणि पीसीओवाल्याला म्हणाले, "वही नंबर फिर से लगाओ."

पलीकडून आवाज आला.

"सर, मी वसुधाचा बाप. लाइट गेलीच नव्हती. पोरीनं बजावून सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. तिचं वर्ष मी घालवलं."