गाव्रिलाच्या नावाचा विलाप

आपण मेलो आहोत हे गाव्रिलाला वाण्याच्या दुकानात कळलं. मीठ मागितलं तशी दुकानदारीण छातीवर क्रूस काढत म्हणाली, "का हो, स्वर्गातलं संपलं वाटतं?" सगळं दुकान खो खो हसलं. स्पेनमध्ये मजुरीला गेलेल्या गावच्या एका पोराने विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह चाळता चाळता ते शोधून काढलं होतं. गाव्रिलाच्या आईच्या आवाजातला, मयताच्या वेळी गातात तसला जुना विलाप, आणि खाली वर्णन: 'मृत मुलगा गाव्रिला याच्यासाठी.'

गावाला थट्टेचं आयतं निमित्त मिळालं. त्याच्या बायकोला, पालागाला मात्र हसू आलं नाही. सोमवारी गाव्रिलाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि जिवंतपणी ज्याच्या नावाने रडून झालंय त्याच्यावर सुरी चालवू द्यायची नाही, असं तिने ठणकावलं. "आधी ते तिथून काढून या, मग काय कापायचं ते कापा."

म्हणून तो डोंगरातल्या मारामुरेशहून बस धरून क्लुज शहरातल्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आला आणि घरच्या प्लमच्या दारूची बाटली त्याने ओटिलियाच्या टेबलावर ठेवली. जुन्या टेपा संगणकावर चढवणं हे ओटिलियाचं काम. ते वर्णनही तिचंच. कुणी मेल्याशिवाय विलाप कोण कशाला करेल, असा तिचा साधा हिशेब. चुकलेला हिशेब आता समोर बसून धापा टाकत होता.

"वर्णन बदलते, काका. पण गाणं कशाला काढायचं? जगभरातले लोक ऐकतात ते."

"जगाचं काय जातंय? मेलोय मी."

"तुम्ही स्वतः ऐकलंत का?"

"स्वतःच्या मयताला कोण जाऊन बसतं, बाई?"

पण नियम आडवा आला. संग्रहातून काही काढायचं तर घरच्या माणसाने मूळ टेपवरचा आवाज ओळखायला हवा. ओटिलियाने एक हेडफोन त्याच्या कानांवर चढवला, दुसरा स्वतःच्या, आणि टेप लावली.

आई रडत होती. "बाळा गाव्रिला, कोट फाडलास म्हणून मारलं रे तुला. कोट काय, शिवता आला असता." गाव्रिलाने टोपी काढून मांडीवर ठेवली. आईने उभ्या जन्मात त्याला बाळा म्हटलं नव्हतं; घरात तिचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. माणूस मेल्याशिवाय हे तिला बोलता येऊ नये, याचा त्याला रागच आला. मग राग कुठल्या कुठे गेला आणि तो रडू लागला.

गाणं संपलं. पुढचा भाग ओटिलियाने संग्रहात घेतलाच नव्हता. गाणं झालं की नंतरची बडबड ऐकत बसायला तिला वेळ नसे. आता मात्र बसावं लागलं.

"कोण वारलं हो?" टेपवर एका पुरुषाने विचारलं. तो गाणी गोळा करायला गेलेला माणूस असावा.

"कुणी नाही. तुम्हीच म्हणालात ना, रडून दाखव? नावाशिवाय रडू येतं होय? ज्याच्यावाचून माझं चालायचं नाही, त्याचं घेतलं." मग दार करकरलं. "थांबा, जित्याच्या नावाने रडले, ते आता हाक मारून उतरवते. त्याने ओ दिली की फिटलं. गाव्रिला! ए गाव्रिला! ओ दे रे!"

नुसती खरखर. पुन्हा हाक आली, या खेपेला आवाज कापरा. तिथेच टेप संपली.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?" ओटिलियाने विचारलं.

"मेंढरांपाठी, वर डोंगरात. मला कुठलं ऐकू जातंय?" त्याने बाहीने नाक पुसलं. "ती हाक पुन्हा लावा, बाई."

तिने लावली.

"ओ!" गाव्रिला म्हणाला.

वाचनालयातली पोरं माना वर करून बघू लागली. ओटिलियाने त्याच्या दंडाला हात लावला. "हळू, काका."

"हळू कसं? तिला कमी ऐकू यायचं," तो म्हणाला, आणि खुर्चीतून उठून, डोंगरावरून द्यावी तशी त्याने खणखणीत ओ दिली, "ओ! आलो गं आई, आलो!"